लखूच्या चुलीचा तिसरा दगड

आमच्या शेजारच्या लखूला अस्वलाची भीती वाटत नाही. मागल्या सालीच काजूत अस्वल समोर आलं, तर ह्यानं "हाड, हाड, तिकडनं जा गा" म्हणून त्याला कुत्र्यासारखं वाटेला लावलं आणि घरी येऊन निवांत पेज प्याला. वाघाचा पंजा चिखलात उमटलेला दिसला तर बाजूनं जातो, मोठ्या माणसाचं अंथरूण तुडवू नये तसा. पण लांब रस्त्यावर जीपगाडी घुरघुरली, की लखू घरात सापडायचा नाही. त्याच्या घराला आधी मागचं दार नव्हतं. जीपगाड्यांसाठी म्हणून ह्यानं ते नवं पाडलं.

त्याच्या लग्नाची गोष्ट मी गुंद गावात सगळ्यांना सांगून संपवली आहे, तरी इथं सांगतेच. मांडव भरलेला, भटजी घसा खाकरतोय, आणि रस्त्यावर जीपचा आवाज आला. नवरा बाशिंगासकट करवंदीच्या जाळीत! ती जीप होती फुलाच्या मामाची, नवरीचा पेटारा घेऊन आलेली. अजूनही कुणी फुलाला "मामा कसे हायत?" एवढं विचारलं, की ती पदर तोंडाला लावते आणि लखू उठून गोठ्यात जातो.

हसायला आमचं काय जातंय. पण ह्या भीतीचं मूळ मला फुलानंच एकदा कोन खणताना सांगितलं. मार्गशीर्षात आमच्याकडं हे हाताएवढे कंद जमिनीतनं काढायचे असतात, आणि वाकून वाकून कमर मोडली की बायका मनातलं बोलतात. लखू लहान असताना आजोळी होता. मामाचं घर डोंगरावर, रानात. कुणीतरी बातमी आणली, की उद्या जीप येणार, घरं मोडणार. ह्या कुणब्यांत रीत अशी, की दुसऱ्यानं मोडायच्या आधी आपलं घर आपणच उचलायचं. घरधन्यानं चुलीच्या तीन दगडांतला एक उचलून मोकळ्या आभाळाखाली ठेवायचा. मग छपराला हात लावायचा. मग वासे, मग देव, आणि शेवटी उरलेले दोन दगड. मोडलेल्या घराचे दगड नव्या जागी चालत नाहीत, उचललेल्या घराचे चालतात. पण एकदा का तो पहिला दगड हलला, की त्या जागेवर त्या घरातल्या माणसानं आपल्या हातानं पुन्हा चूल मांडायची नाही. ती जागा रानाला परत दिली.

मामीनं दगड डोक्यावर घेतले, लखूच्या हातात मांजर दिलं, आणि सगळे उजाडायच्या आत निघाले. दुसऱ्या दिवशी जीप आली की नाही ते कुणालाच माहीत नाही. बघायला कोण थांबलंय? मामा त्यानंतर दुसऱ्यांच्या शेतात राबत मेला. लखूला जीप दिसली की त्या मांजराची नखं आठवतात, असं फुला म्हणाली. मी तिथंही काहीतरी थट्टा करणार होते, पण हातात कोन होता, तो मोडला, आणि राहून गेलं.

असल्या बापाच्या पोटी रक्षिता कशी जन्मली, हे त्या रानातल्या देवालाच ठाऊक. पोरगी शिकली, धारवाडला लायब्ररीचा कोर्स केला, आणि आता कारवारात एका लॉ कॉलेजच्या लायब्ररीत कामाला आहे. त्या लायब्ररीच्या दारात एक फळा आहे. दर शनिवारी त्यावर आठवड्यातल्या कायद्याच्या बातम्या लिहितात, आणि खाली एक युक्ती, की कायद्यातलं काही शोधायचं असेल तर कसं शोधावं. रक्षिता तो फळा आमच्या बोलीत वाचून बापाच्या आणि माझ्या फोनवर पाठवते. आमच्या वाडीत रेंज येत नाही. वरच्या बाजूला जांभळीखाली एक दगड आहे, त्यावर उभं राहिलं की येते. लखू दर शनिवारी संध्याकाळी तिथं जाऊन मेसेज उतरवून आणतो, आणि मग माझ्या दुकानापुढच्या बाकावर सगळी वाडी ऐकते.

"बातमी आयकली की पयलं इचारायचं, कवाची?" रक्षिताचा आवाज फोनमधनं यायचा. "मग इचारायचं, कुणाची? साहेबाची का कोर्टाची, आनि कुठल्या कोर्टाची? मग मूळ हुकूम बघायचा. पेपरात आलेलं म्हंजे दुसऱ्यानं चावून दिलेलं. आनि शेवटी, त्येच्यानंतर काय झालं ते बघितल्याशिवाय उठायचं न्हाई."

वाडीनं ह्या युक्त्या लगेच उचलल्या, पण कायद्यासाठी नव्हे. पलीकडचा गुणा बाकावर येऊन सांगायचा, "पारूची म्हस व्याली."

"कवाची बातमी?" मी विचारायची.

"सकाळची."

"कुणी सांगितली? का तूच चावून आणलीस? मूळ म्हस बघितलीस काय?"

"बघितली की, अक्का."

"त्येच्यानंतर काय झालं?"

"रेडकू झालं!"

लखू मात्र हसायचा नाही. तो त्या युक्त्या पुटपुटत घरी जायचा. कारण त्याचं एक प्रकरण चालू होतं, आणि आमच्या वाडीत सगळ्यांचंच होतं. ज्या जमिनीत आजा-पणजा राबला ती कागदावर जंगलाची. जंगल हक्काच्या कायद्याखाली तिचा दावा करता येतो, पण कुणबी इथं आदिवासींच्या यादीत नाहीत, म्हणून तीन पिढ्यांचा पुरावा मागतात. लखूनं दावा घातला होता. मागं एकदा बाजारात कुठल्यातरी कारकुनानं त्याला चहा पिता पिता सांगितलं, "तुमचं नापास झालंय." कागद नाही, कारण नाही. लखू तसाच घरी आला आणि तापानं पडला. रक्षितानं कारवारहून येऊन सांगितलं, की नाकारलं असेल तर तसं कारणासकट समक्ष कळवावं लागतं, त्यावर दाद मागता येते. तिनं दाद मागणारा अर्ज केला. पुन्हा तपासणी होणार असं ठरलं. कधी, ते सांगितलं नव्हतं. म्हणजे लखूच्या डोक्यात एवढंच उरलं, की एक दिवस जीप येणार आहे.

तर त्या शनिवारी लखू दगडावर गेला आणि खाली आला, तो बाकाकडं वळलाच नाही.

"लखूदादा, कोर्ट बंद हाय काय आज?" मी ओरडले.

"रेंज न्हाई," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, नसेल. रेंजचं काय, ती सरकारी माणसासारखी, आली तर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतेय तर ठण् ठण् आवाज. बघते तर लखू छपरावर. कौलं काढून गुणाच्या हातात देतोय, गुणा खाली रचतोय. अंगणात फुला देवाची टोपली मांडीवर घेऊन बसलेली. मला वाटलं, छप्पर शाकारतायत.

"काय गे फुला, पाऊस गेल्यावर छप्पर? आनि देवाला ऊन दावायला आनलंस व्हय?"

फुलानं मान वर केली नाही. आणि मग मला अंगणाच्या मधोमध, तुळशीपासून दूर, एक काळा दगड दिसला. एका अंगानं काजळी, दुसऱ्या अंगानं माती. त्याखाली धुतलेलं फडकं अंथरलं होतं.

मी रामनगरकडची, दुकानदाराघरची लेक, इथं सून म्हणून आलेली. ती माझी रीत नव्हे. पण इतकी वर्षं इथं राहून तो दगड कशाचा, हे न कळायला मी काय पर्यटक?

"लखूदादा, खाली ये."

"येळ न्हाई, अक्का."

"कोन येनार हाय?"

"जीप."

"कुणी सांगितलं?"

तो छपरावर उकिडवा बसला. कौल हातातच होतं. "रक्षीनं. कोर्टाचा हुकूम हाय. मोठ्या कोर्टाचा. ज्येंचं दावं नापास झालं त्येंना भाईर काढा म्हणून. लेकीच्या तोंडानं आयकलंय मी. दुसऱ्यानं सांगितलं असतं तर इचारलं असतं, कवाची, कुणाची. माझ्या लेकीनं सांगितल्यावर काय इचारू?"

आमचाही दावा तसाच लटकलेला. मी नकळत वळून माझ्या दुकानाच्या छपराकडं बघितलं. गुणानं त्याच्या घराकडं बघितलं. कौलांची चळत त्याच्या हातातनं सुटली, खळ्ळकन् सगळी फुटली, आणि कुणी त्याला "आंधळा हाईस काय" असं म्हटलंसुद्धा नाही. पारू म्हैस सोडायला आली होती, ती दावं तसंच हातात धरून उभी.

तेवढ्यात झिलूअज्जा काठी टेकत आला. हा इथला बुधवंत, म्हणजे रीतभात सांगणारा म्हातारा. नव्वदी कधीच ओलांडली. त्यानं अंगणातला दगड बघितला, खाली बसला, आणि विचारलं, "घरधन्यानंच उचलला न्हवं?"

"व्हय अज्जा," लखू वरनं म्हणाला.

"मग झालं. आता उरलेलं दोन सांजच्याला उचला. अंधारात ठिवू नगा, एकल्या दगडाला रान बोलावतंय."

फुलाच्या तोंडातनं बारीक आवाज आला, मांजराच्या पिलासारखा. तिच्या हातचं त्या चुलीवर शिजलेलं मी किती खाल्लंय. मी चपला घातल्या.

"सांजपातूर कायबी हलवायचं न्हाई. मी त्यो मेसेज आयकून येते."

"आयकून काय करतीस?" लखू म्हणाला. "त्योच हाय."

जांभळीच्या दगडावर मी चढले तेव्हा ऊन वर आलं होतं. फोन वर धरला. एक काडी आली, गेली. खालच्या रानात कुठंतरी माकडं एकदम ओरडली आणि गप्प झाली. मला रस्त्यावर गाडीचा आवाज ऐकू आला, म्हणजे आला असं वाटलं. मी लखूला इतकी वर्षं हसले, आणि आता माझेच पाय दगडावरनं उतरायला बघत होते. गाडी नव्हती. वारा होता.

पहिला मेसेज आला. कानाला लावला.

"ह्या आठवड्याची युक्ती. मी एक हुकूम वाचून दावते," रक्षिताचा आवाज, लायब्ररीत बोलतात तसा हळू. "देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टानं सांगितलंय, की ज्येंचं जंगल हक्काचं दावं नामंजूर झाल्यात त्येंना तिथनं भाईर काढा..."

लखूनं इथंच फोन बंद केला असणार. मीही केला असता. अंगठा त्या बटणावरच होता. पण मी मुलखाची चौकस, कुणाच्या घरातलं भांडण अर्धं ऐकून आजवर कधी आले नाही. मी ऐकत राहिले.

"...तर अशी बातमी आली की आमी काय करायचं? मी तारीख मुद्दाम सांगितली न्हाई. ती तुमी इचारायची. बाबा, इचारलंसा न्हवं? आता फुडचा मेसेज आयका."

अगं बाई, मास्तरीण! बापाला कोडं घालतेस? ज्याला जीपच्या आवाजानं ताप येतो त्याला?

पुढचा मेसेज उतरेना. तो गोल फिरत राहिला. मी दगडाच्या ह्या टोकाला गेले, त्या टोकाला गेले, फांदीला धरून टाचा उंचावल्या. खाली वाडीतनं पुन्हा ठण् ठण् सुरू झालं. थांबला नव्हता तो. त्या गोल फिरणाऱ्या चकतीकडं बघत मी ज्या देवांची नावं घेतली त्यातले काही मला माहेरचे आठवले, काही इथले, आणि एक तर बहुतेक कुणाचाच नव्हता.

उतरला. ऐकला. आणि मी दगडावरनं अशी निघाले, की साडी करवंदीत अडकून टराटर फाटली तरी थांबले नाही.

"खाली ये! खाली ये मुडद्या!" मी अंगणात शिरतानाच ओरडले. एरवी मी त्याला दादा म्हणते.

सगळे जमले. मी फोन झिलूअज्जाच्या मांडीवर ठेवला आणि मोठ्यानं लावला.

"हा हुकूम दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीतला हाय. कुठं आला सांगू? आजच्या पेपरात न्हाई, लायब्ररीतल्या जुन्या निकालांच्या पुस्तकात. आनि त्येच्यानंतर काय झालं? त्याच महिन्यात, त्याच कोर्टानं त्यो थांबवला. दावं कसं नाकारलंसा त्ये आधी सांगा, म्हणून सरकारांना इचारलं. खटला अजून संपलेला न्हाई, म्हणून सावध ऱ्हावा. पन कायद्यातच लिव्हलंय, तपासणीचं काम पुरं झाल्याबिगर कुणाला उठवायचं न्हाई. म्हणून बाबा, जुना हुकूम आनि जित्ता हुकूम, दोन्ही येगळं."

कुणी हसलं नाही. गुणा मटकन खाली बसला, बरोबर फुटक्या कौलांवर, आणि उठला. फुला लखूकडं बघत होती. लखू शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा.

"म्हंजे कोर्ट एकदा काढा म्हणालं, आनि एकदा थांबा म्हणालं," तो म्हणाला. "उद्या पुन्ना काढा म्हणालं तर?"

भ्यायलेल्या माणसाला वाईट बातमी एकदा सांगितली की पुरते, चांगली कितीदा सांगावी लागते देव जाणे. तो माझा फोन घेऊन स्वतःच जांभळीवर गेला. मी मागनं गेले, ऐकायला नको? त्यानं रक्षिताला फोन लावला.

"कवाचा?" एवढंच विचारलं त्यानं. तिनं सांगितलं. "कुठल्या कोर्टाचा? थांबवलेला कागद तुझ्या डोळ्यांनी बघितलास? त्येच्यानंतर?" एकेक प्रश्न तो विचारत होता, आणि तिकडनं एकेक उत्तर येत होतं. मग तिनं विचारलं, "बाबा, असं का इचारालायसा? घरी सगळं हाय न्हवं जागेवर?"

लखूनं फोन ह्या कानावरनं त्या कानाला लावला.

"बाबा, घर हाय न्हवं?"

"कौलं काढली," तो म्हणाला. "आनि दगूड."

मला वाटलं रेंज गेली. मग तिचा आवाज आला, पण तो लायब्ररीतला आवाज नव्हता. लखूच्याच घरातला होता, लहानपणचा. "बाबा, नियमात पुरावा म्हणून काय काय धरत्यात म्हाईत हाय? घर. बांध घातलेली जमीन. हीर. देवाची जागा. म्हाताऱ्या माणसाचा जबाब. कागूद नसला तरी ह्ये चालतंय. कवापासून मी त्येच लिहून देतेय अर्जात. आनि तुमी त्येच मोडलंसा?"

लखूनं फोन माझ्याकडं दिला.

कौलं पुन्हा चढवायला सगळी वाडी लागली. पण गुणानं पाडलेली चळत आणि घाईत तडकलेली धरून, अर्ध्या छपराला कौलं उरलीच नाहीत. स्वयंपाकघर उघडंच राहिलं. आणि दगड? झिलूअज्जा ऐकायला तयार नाही. "घरधन्यानं उचललाय. आता त्येच्या हातानं परत लागला तर घरातलं माणूस जातंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय." कुणाचं काय बघितलं ते त्यानं सांगितलं नाही, आणि विचारायची हिंमत कुणाची? फुला अंगणात विटा मांडून रांधू लागली. आत दोन दगडांची थंड चूल, वर आभाळ. लखूनं तो तिसरा दगड फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवला. फुला मला म्हणाली, "अक्का, ह्येंना आता दोन भ्याव हायत. दगूड लावला तर एक, न्हाई लावला तर दुसरं."

आणि पंचायतीतनं निरोप आला. तपासणीची माणसं गुरुवारी येणार.

गुरुवारी वाडीत कुणी कामाला गेलं नाही. सगळे आपापल्या दारात. माझं दुकान उघडं, पण कुणी जिरं मागितलं तर मी मोहरी देत होते. जीपचा आवाज आला तेव्हा सगळ्यांनी आधी लखूच्या मागच्या दाराकडं बघितलं. दार उघडं होतं. माणूस गेला होता.

जीपमधनं दोन साहेब आणि गावच्या हक्क समितीचे लोक उतरले. साहेब वाईट नव्हते. उन्हानं वैतागलेले होते, एवढंच. एकानं अर्धं छप्पर बघितलं, आत डोकावला, थंड चूल बघितली, आणि कानडीत विचारलं, "इल्लि यारु इरतारी?" इथं राहतं कोण?

फुलानं माझ्याकडं बघितलं.

"राहतात की," मी पुढं झाले. "लखू राहतो. बायको, लेक..."

"चूल तर थंड दिसते," साहेब आता मराठीत म्हणाला. "छप्पर नाही. घर रिकामं वाटतंय. माणूस कुठंय?"

त्याच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. मी त्या टोकाकडं बघत होते. रिकामं हा शब्द लिहायला वेळ तो किती लागतो?

"भाईर गेलाय, येईल," गुणा म्हणाला.

"कुठं गेलाय? आम्ही येणार माहीत नव्हतं?"

माहीत होतं म्हणूनच गेलाय, हे कसं सांगायचं? फुला एकाएकी मागच्या दारात धावली आणि रानाकडं तोंड करून ओरडली. तिला मी जन्मात तशी ओरडताना ऐकलं नव्हतं. "आवो, मामाची जीप हाय!"

पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग करवंदीची जाळी हलली. लखू बाहेर आला. बगलेत फडक्यात गुंडाळलेला दगड. तो पळताना दगड घेऊन पळाला होता. अंगभर काटे. तो साहेबांच्या समोरनं गेला, मान खाली, आणि आत शिरला. झिलूअज्जा दारात बसला होता. लखू त्याच्यापुढं थांबला.

"अज्जा," तो म्हणाला. बगलेतला दगड त्यानं पुढं धरला.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, साहेबाच्या पेनाकडं बघितलं. मग त्यानं आपलं उपरणं डोळ्यांवर ओढून घेतलं. "ऊन आलं तोंडावर, कायबी दिसत न्हाई," म्हणाला.

लखूनं दगड जागेवर बसवला. दोनदा वाकडा बसला. फुलानं काटक्या आणल्या. काडी पेटेना, पेटली ती विझली. मी माझ्या दुकानातली आगपेटी दिली. चूल धरली. सुकं लाकूड नव्हतं, ओल्या काटक्यांचा असा धूर झाला, की उघड्या छपरातनं वर गेला तो गेलाच, उरलेला साहेबाच्या डोळ्यांत. तो खोकत बाहेर आला, डोळे पुसत.

"राहतात, राहतात," तो म्हणाला. "लिहितो. चूल पेटती आढळली."

मग समितीतल्या एकानं म्हाताऱ्याला विचारलं, ह्या घराचं तुम्हाला काय माहीत आहे? झिलूअज्जानं उपरणं डोळ्यांवरनं काढलं. "मी गुरं राखायचो तवा ह्येच्या आज्याच्या चुलीवरची पेज प्यालोय," म्हणाला. "हिथंच. ह्या दगडांवरची. आजी मीठ कमी घालायची." त्यांनी तेही लिहून घेतलं, मीठ सोडून. अंगठा घेतला. बांध मोजले, विहिरीचा आणि देवाच्या जागेचा फोटो काढला, आणि जीप गेली.

लखू चुलीपाशीच बसून होता. जीपचा आवाज वळणापलीकडं जाऊन पूर्ण विरेपर्यंत त्यानं दगडावरचा हात काढला नाही. दगड तापला होता, तळवा भाजला. फुलानं कोरफड चोळली.

"अज्जा," तो संध्याकाळी म्हणाला, "दगूड माझ्या हातानं लागला."

"कुठला दगूड?" म्हातारा म्हणाला. "त्यो पाव्हणा गेलता, आला परत." पण त्या महिन्यात घरात कुणी शिंकलं तरी लखू उठून बसायचा, आणि झिलूअज्जाही रोज सकाळी काठी टेकत यायचा, काही काम नसताना, सगळी माणसं जागेवर आहेत का ते बघून जायचा.

निकाल अजून आलेला नाही. रक्षिता आता युक्ती सांगताना तारीख आधी सांगते, कोडी घालत नाही. शनिवारी लखू जांभळीवर जातो, आणि सगळे मेसेज उतरेपर्यंत एकही ऐकत नाही. परवा तीन मेसेज होते, ते उतरता उतरता काळोख पडला. आम्ही बाकावर वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात रस्त्यावर गाडी घुरघुरली. मी लखूच्या घराकडं बघितलं. मागचं दार बंद होतं. छपराच्या उघड्या भागातनं धूर येत होता, फुला रांधत होती. आणि वरनं, अंधारातनं, लखूचा आवाज आला.

"सुशीलाक्का, गाडी कुणाची हाय बघ गे!"

"भाजीवाल्याची!" मी ओरडले. "फुलाच्या मामाची असती तर सांगितलं नसतं काय?"

तो खाली आला तेव्हा घामानं भिजला होता. पण फोन घट्ट धरलेला, आणि तिन्ही मेसेज उतरलेले.